धावदोरा

डच भाषेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एक तक्ता भरायचा होता. नाव, गाव, मुलं किती, काम काय आणि सगळ्यात शेवटी छंद. 'काम' या रकान्यात मी आधी 'शिक्षिका' असं लिहिलं, मग ते खोडून 'घरी' लिहिलं. छंदाच्या रकान्यात 'वाचन, स्वयंपाक' लिहून मोकळी झाले. शिकवणाऱ्या बाई निवृत्त होत्या, हौसेनं शिकवायला यायच्या. त्यांनी माझं व्याकरण सुधारलं आणि सहज विचारलं, "सध्या काय वाचते आहेस?" मला एकाही पुस्तकाचं नाव सांगता येईना. भाषेची अडचण नव्हतीच. झूटरमेरला आल्यापासून मी एकही पुस्तक शेवटापर्यंत वाचलं नव्हतं. 'वाचन, स्वयंपाक' हे माझ्या लग्नाच्या बायोडेटातून जसंच्या तसं उतरलं होतं.

त्या दिवशी घरी येताना मला माझ्या शाळेतल्या निबंधांच्या वह्या आठवल्या. पुण्यात सहा वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. 'माझा आवडता छंद' हा निबंध दर वर्षी असायचाच. चाळीस वह्यांपैकी पंचवीस-तीस मुलांचा छंद पोस्टाची तिकिटं जमवणं हा असायचा. त्यातल्या एकाच्याही घरी तिकिटांची वही नसे. निबंधमालेतून उतरवलेला तो छंद मी लाल शाईनं तपासायचे आणि समासात लिहायचे, 'स्वतःचे अनुभव लिही'. आता माझ्याच तक्त्यावर कुणीतरी तसं लिहावं अशी माझी परिस्थिती होती.

आपल्या मंडळात नव्यानं आलेल्या बऱ्याच जणींची आणि काही जणांची अवस्था अशीच असते, म्हणून हे लिहिते आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आपण इथे येतो. व्हिसावर काम करायची परवानगी असते, पण मराठी विषयात एम.ए. केलेल्या बाईला इथल्या शाळेत शिकवायचं तर डच भाषा आणि इथली पात्रता दोन्ही हवं. तोवर काय? तोवर सगळे सांगतात, "एखादा छंद लावून घे. वेळ चांगला जातो." हे वाक्य मला फार लागायचं. मला वेळ घालवायचा नव्हता. माझा वेळ कुणालातरी हवा असावा, एवढीच इच्छा होती.

२०२४ च्या जानेवारीत सासूबाई आल्या. शेंगेनच्या नियमाप्रमाणे एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसच राहता येतं, म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. आमचे मामंजी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. फलटणजवळच्या गावात त्या एकट्याच राहत होत्या आणि मुलाच्या आग्रहामुळे आल्या होत्या. माझं आणि त्यांचं भांडण कधीच नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. 'जेवलात का', 'औषध घेतलं का' यापलीकडे आमचं बोलणं जायचं नाही. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, मी शिक्षिका. त्या मला समोर काही म्हणत नसत, पण पाहुण्यांपाशी माझा उल्लेख 'आमच्या मास्तरीणबाई' असा करत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला लग्नानंतर नऊ वर्षांतही उमगलं नव्हतं.

बाहेर चार-पाच अंश तापमान, वारा आणि साडेचारच्या पुढे दाटत येणारा अंधार. पहिले आठ दिवस त्या खिडकीपाशी बसून राहिल्या. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "जुनी लुगडी-बिगडी हायत का घरात? फाटकी चालतील." माझ्याकडे लुगडी कुठून असणार? पण लेकीचे आखूड झालेले फ्रॉक होते, नवऱ्याचे कॉलर विरलेले शर्ट होते आणि शाळेत नेसायच्या माझ्या सुती साड्या होत्या, ज्या इथे पाच वर्षांत एकदाही कपाटाबाहेर आल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःची बॅग उघडली. तळाशी दोन मऊ झालेली नऊवारी लुगडी आणि मामंजींचं एक धोतर होतं. तेवीस किलोंच्या सामानात त्यांनी हे का आणलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या वाकळ शिवायचं ठरवूनच आल्या होत्या.

मी गोधडी म्हणते, त्या वाकळ म्हणतात. वस्तू एकच. बंगालात तिला कांथा म्हणतात, बिहारात सुजनी, कर्नाटकात कौदी. जिथे जिथे सुती कापड झिजेपर्यंत वापरलं गेलं, तिथे बायकांनी त्याचे थर एकावर एक ठेवून शिवले. विरलेलं कापड एकटं टिकत नाही, पण चार-पाच थर जवळजवळच्या टाक्यांनी बांधले की आणखी वीस वर्षं काढतं. कापड जितकं जुनं, तितकं मऊ. म्हणून बाळंतविड्यातलं दुपटं आजीच्या लुगड्याचं करतात.

आमच्या दिवाणखान्यात सोफा मागे सरकवून त्यांनी जमिनीवर एक लुगडं ताणून अंथरलं. चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. त्यावर भरण्याचे थर आले. कापडाचा ताणा एका दिशेला आला की थर आडवा, पुढचा उभा, म्हणजे गोधडी एका बाजूला ओढली जात नाही. सगळ्यात वर ठिगळांचा थर. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरून ठेवलं आणि कडेनं धावदोरा सुरू केला. धावदोरा हा शिवणातला सगळ्यात साधा टाका. सुई खाली, सुई वर, एवढंच. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सगळ्यात आधी शिकवतात तो. गोधडीत तो कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्याकडे येतो. दोन ओळींत करंगळीच्या रुंदीइतकं अंतर. आमच्या घरी शेवटी मध्ये उरणाऱ्या जागेला 'पोट' म्हणतात. पोट शिवून झालं की गोधडी पुरी.

मी म्हटलं, "आई, मीही एक बाजू घेऊ का?"

त्यांनी सुई दिली, अंगुस्तान दिलं आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या, "मास्तरीणबाई, टाका लांब पडतोय. उसवा."

मी उसवलं. पुन्हा घातला. पुन्हा उसवला. त्या रागावत नव्हत्या, पण सोडतही नव्हत्या. मला हसू आलं, कारण मी वर्गात अगदी अशीच वागायचे. चौथ्या दिवशी माझे टाके एकसारखे पडू लागले आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं ही शाबासकी होती, हेही मला कळायला लागलं होतं.

शिवताना समोर बघावं लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. हातातल्या कामाकडे बघत माणूस जे बोलतो ते एरवी बोलत नाही. त्यांच्या आईची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ७२ चा दुष्काळ. सासूबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. त्यांची आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात लोकांच्या वाकळी शिवायची. मोबदला धान्याचा. एका वाकळीला किती पायली हे ठरलेलं नसे, समोरची बाई देईल ते. "आमच्या आईला वाकळ बघितली की कंटाळा यायचा," त्या म्हणाल्या. "मला बी सासरी आल्यावर शिवायलाच लागल्या. घरात सात माणसं, थंडीला पांघरूण नको?"

मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "ही पयलीच, जिची गरज न्हाई. घरात हीटर हाय, दोन-दोन दुलया हायत. तरी शिवतीय. हौस म्हणून."

हौस हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पासष्टी ओलांडलेल्या, आयुष्यभर शेत आणि चूल सांभाळलेल्या बाईला छंद पहिल्यांदा सापडला होता, तोही फलटणपासून हजारो किलोमीटरवर, नेदरलँड्समधल्या एका दिवाणखान्यात. त्यांच्या आईसाठी तोच टाका मजुरी होता, त्यांच्यासाठी घरकाम होतं आणि आता हौस झाली होती. टाका बदलला नव्हता. बदललं होतं एवढंच, की आता तो घातला नाही तरी कुणी थंडीनं कुडकुडणार नव्हतं.

मध्ये एकदा ऊन पडलं म्हणून त्यांना रँडस्टाडरेलनं फिरवून आणलं. तीन नंबरची गाडी हेगहून येते आणि आपल्या गावात वळसा घेऊन पुन्हा मूळ मार्गाला लागते. १९७७ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून लोक त्या वळशाला क्राकेलिंग म्हणत आले. क्राकेलिंग म्हणजे त्यांच्याकडचं कडबोळं. हे सांगितल्यावर सासूबाईंना गावाबद्दल एकदम आपुलकी वाटली. पुढे गावाबाहेर, मेरपोल्डरकडे चालत गेलो. झूटरमेरच्या नावातला 'मेर' म्हणजे तळं. ते तळं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उपसून कोरडं केलं आणि तिथे शेतं झाली. पाणी काढून देणारे सरळ, समांतर चर एकामागून एक लांबवर गेलेले. सासूबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "रान शिवल्यावानी दिसतंय." त्यानंतर मला ते चर दुसरं काही वाटलेले नाहीत.

मार्चमध्ये शेजारच्या डच आजी कॉफीला आल्या. जमिनीवर पसरलेली गोधडी बघून त्यांनी 'लापनडेकन' असा शब्द वापरला, म्हणजे ठिगळांचं पांघरूण. मग कपातली कॉफी तशीच ठेवून घरी गेल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. तो ठिगळांचा घागरा होता, त्यांच्या आईनं शिवलेला. खालच्या घेरावर त्रिकोणी तुकडे आणि पुढच्या बाजूला मधोमध भरतकामात तारीख, ५ मे १९४५. नेदरलँड्स नाझी कब्जातून सुटला तो दिवस.

या घागऱ्याची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. आपल्यातल्या अनेकांना ती माहीत नसावी. त्याचं नाव बेव्हरायडिंग्सरॉक, मुक्तीचा घागरा. कल्पना मीस ब्वासव्हँ-फान लेनेप या बाईंची. त्यांचं सगळं कुटुंब नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होतं. १९४३ मध्ये त्या पकडल्या गेल्या. तुरुंगात असताना धुतलेल्या कपड्यांमधून लपवून त्यांच्यापर्यंत एक स्कार्फ पोहोचला. घरच्यांच्या आणि मैत्रिणींच्या कपड्यांच्या तुकड्यांचा तो जोडला होता. प्रत्येक तुकडा कुणाचा हे त्यांना ओळखता येत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या दोन तरुण मुलांना गोळ्या घालून मारलं. पती बुखनवाल्डच्या छळछावणीत गेले. त्या स्वतः रावेन्सब्र्युकच्या छावणीतून जिवंत परतल्या. युद्धानंतर त्यांनी देशातल्या बायकांना आवाहन केलं, की आपापल्या घरातल्या जुन्या कापडांचे तुकडे जोडून घागरा शिवा, त्यावर मुक्तीची तारीख भरा, पुढे घरातल्या महत्त्वाच्या तारखाही भरत राहा आणि सणाला तो नेसा. असे सुमारे चार हजार घागरे नोंदवले गेले. न नोंदवलेले किती असतील कोण जाणे.

शेजारच्या आजींनी घागऱ्यावरचा एक निळा तुकडा दाखवला, तो त्यांच्या वडिलांच्या शर्टाचा. एक जाड काळा तुकडा युद्धाच्या काळात खिडक्या झाकायला लावलेल्या पडद्याचा. घेराजवळ बारीक अक्षरांत त्यांची स्वतःची जन्मतारीख होती. माझ्या मोडक्या डचमधून मी हे सगळं सासूबाईंना सांगत होते. त्यांनी घागरा हातात घेतला आणि सगळ्यात आधी उलटा केला. शिवणारी बाई नेहमी मागची बाजू बघते. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हात सफाईचा न्हाई. पण बाईनं घाई केली न्हाई." मी भाषांतर केलं, "छान आहे म्हणतात."

आजी गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे तुरुंगात वाकळच धाडली म्हणायची." आणि मामंजींच्या धोतराचा जो पट्टा त्यांनी इतके दिवस बाजूला ठेवला होता, तो त्या संध्याकाळी गोधडीच्या मधोमध, पोटाच्या जागी ठेवला.

परतीचा दिवस आला तेव्हा तेवढं पोट शिवायचं राहिलं होतं. विमानतळावर म्हणाल्या, "घाई करू नको. सावकाश शिव." घरी येऊन मी गोधडी घडी करून ठेवली. सुई धोतरापर्यंत नेली की मला पुढे जाववेना.

आता माझी फजिती सांगते. सासूबाई असतानाच मी संध्याकाळी वेगळं एक लहान दुपटं शिवत होते. सत्तावीस एप्रिलला कोनिंग्सडाख आला. त्या दिवशी रस्त्यावर कुणीही चादर टाकून घरातलं सामान विकू शकतं. लेक तिची जुनी खेळणी घेऊन बसणार होती. तिच्या शेजारी मी दुपटं ठेवलं, किंमत पंचवीस युरो. एका बाईनं घासाघीस करून पंधराला नेलं. मला काय आनंद झाला होता! पाच वर्षांत मी स्वतः कमावलेले ते पहिले पैसे होते.

रात्री लेकीबरोबर गंमत म्हणून हिशेब मांडला. मोठी गोधडी दीड मीटर बाय एक मीटर ऐंशी. ओळींत एक सेंटिमीटर अंतर धरलं, तर धावदोऱ्याची एकूण लांबी सुमारे २७० मीटर होते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून सहा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ४५ हजार टाके. तासाला पाचशे टाके घातले तर नव्वद तास. दुपटं लांबी-रुंदीनं निम्मं, म्हणजे पाव भाग, साधारण बावीस तास. इथे २०२४ च्या जानेवारीपासून किमान वेतन ताशी १३.२७ युरो होतं. बावीस तासांचे जवळजवळ २९२ युरो झाले. लेक म्हणाली, "आई, तू २७७ युरो तोट्यात आहेस."

मैत्रिणींना हे सांगितल्यावर सगळ्यांचं मत पडलं की किंमत नीट लावायला हवी. पेज काढ, फोटो टाक, इथल्या लोकांना हातानं केलेलं आवडतं. मलाही पटलं, कारण पुढच्या वेळी 'काम' या रकान्यात लिहायला काहीतरी मिळणार होतं. उन्हाळ्यात तीन ऑर्डरी घेतल्या. पहिली मजेत झाली. दुसऱ्या वेळी कापड विकत आणावं लागलं, कारण गिऱ्हाइकाला जुनं कापड नको होतं. म्हणून मी हेगच्या बाजारात जाऊन नवं सुती कापड आणलं, तीन पाण्यांतून काढून मऊ करायचा प्रयत्न केला. तिसरी ऑर्डर सोफ्याच्या रंगाशी जुळणारी आणि तीन आठवड्यांत हवी होती. ती मी शेवटी मशिनवर शिवली. उजवा खांदा धरला तो धरलाच. गिऱ्हाईक खूश झालं, पैसे मिळाले आणि त्यानंतर दोन महिने मी सुईला हात लावला नाही.

हातानं केलेलं विकू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. महाराष्ट्रात कितीतरी बायकांचे संसार गोधड्यांवर चालतात आणि त्यांना रास्त मोल मिळायलाच हवं. सासूबाईंच्या आईला ते मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं. माझी अडचण वेगळी होती. मला पैशांची गरज नव्हती. मला शाळा हवी होती. शाळा सुटल्याची जी रिकामी जागा होती, ती मी गोधडीनं भरायला निघाले होते आणि त्या बिचारीला माझ्यासाठी नोकरी व्हायला लावत होते. छंदाला असं राबवलं की तो नोकरीही होत नाही आणि छंदही राहत नाही.

हे उमगल्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, डचच्या पुढच्या पातळीच्या वर्गात नाव घातलं, कारण शाळेचा प्रश्न शाळेच्या वाटेनंच सुटणार. दोन, ओळखीच्या काही जणांना महिन्यातल्या एका रविवारी दुपारी घरी बोलावलं. आमंत्रण असं होतं, की ज्याला जे करायला आवडतं ते घेऊन या, येत नसलं तरी चालेल.

पहिल्या रविवारी चौघी आलो. आता दहा-अकरा जण असतो, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी. मला वाटलं होतं की छंद नोकरी नसलेल्यांचे असतात. निघालं उलटंच. नोकरी करणारी माणसं छंद लपवून ठेवतात. हेगच्या एका कचेरीत दिवसभर आकडेमोड करणारी मैत्रीण रात्री बोरूनं मोडी लिहिते. मुंबई इलाख्यातलं सरकारी दप्तर विसाव्या शतकापर्यंत ज्या लिपीत होतं, ती तिच्या पणजोबांच्या कागदांत आहे आणि तिला ते कागद स्वतः वाचायचे आहेत. अजून अर्धं पान वाचून झालंय. एकजण गंजलेल्या डच सायकली आणून सुटं भागन्‌भाग करतो, पुन्हा जोडतो. एकीनं चाळिशीला टेकल्यावर पेटी हातात घेतली. तिनं पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा सगळे सूर काही जागेवर नव्हते, पण वाजवताना तिचा चेहरा असा होता की आम्ही कुणी हललो नाही. तिच्या नवऱ्यालाही तोवर माहीत नव्हतं, ती दुपारी दार लावून वाजवायची.

"का लपवायचीस?" मी विचारलं.

"चांगलं येत नाही ना अजून," ती म्हणाली.

आमच्या पिढीचं दुखणं मला इथे सापडलं असं वाटतं. आपण सगळे चांगले मार्क मिळवून इथवर आलो. जे चांगलं येत नाही ते चारचौघांत करायची सवयच आपल्याला नाही. मुलांना आपण पोहायला, चित्रकलेला, कथकला घालतो आणि तिथेही पहिल्या वर्षीच प्रमाणपत्र विचारतो. सासूबाईंनी मला 'उसवा' म्हटलं तेव्हा कित्येक वर्षांनी मी कुणाचीतरी विद्यार्थिनी झाले होते, आणि त्या परीक्षेला निकाल नव्हता. ती दहा मिनिटं मला सहा वर्षांच्या नोकरीइतकीच आठवतात.

म्हणून आमच्या रविवारचे नियम थोडेच आहेत. 'विकतेस का' असं विचारायचं नाही. अर्धवट काम आणलं तर चालतं, उलट तेच आणायचं. आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या कामाची मागची बाजू बघायची. ही शेवटची अट अर्थात सासूबाईंची आहे. व्हिडिओ कॉलवर त्या महिन्यातून एकदा हजेरी लावतात आणि ज्याचा टाका लांब पडतो त्याला नावानिशी उसवायला सांगतात. सायकलवाल्यालाही त्यांनी एकदा सोडलं नाही. चाकाच्या तारा बघून म्हणाल्या, "एक बाजू ढिली हाय."

दर वेळी फोन ठेवताना त्या विचारतात, "पोट शिवलं का गं?"

"नाही अजून."

"असू दे."

त्यांचे गुडघे आता दुखतात. इतका लांबचा प्रवास पुन्हा जमेलसं डॉक्टरांना वाटत नाही. म्हणून येत्या नाताळच्या सुट्टीत गोधडीच फलटणला घेऊन जाणार आहे. वजन केलं, साडेतीन किलो भरली. तेवढ्यासाठी घरून जाणारी चॉकलेटं आणि चीज कमी करावं लागेल, तसं घरच्यांना कळवलंय. धोतराची एक बाजू त्या घेतील, एक मी घेईन. लेकीलाही सुई धरता येते आता, तिचा टाका लांब पडतो.

या दिवाळीत घरं आवरताना टाकवत नाही आणि वापरवत नाही असं एखादं कापड तुमच्याही कपाटात सापडेल. ते फेकू नका. रविवारी घेऊन या. सुई, दोरा आणि अंगुस्तान आमच्याकडे आहे. चहा ज्याची पाळी त्याच्याकडे.